पाणी, थेंब, मांजर, हिसका

सासूबाई मला लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून पाण्यात पाहायच्या. पुढे त्यांचा डोळा गेला आणि तो मी घातलेल्या पाण्यानं गेला असं घरानं ठरवलं, तेव्हा मला नवल वाटायला नको होतं. नवल वाटलंही नाही. राग आला. तो राग अजून आहे आणि हे सगळं मी रागातच सांगणार आहे. ज्यांना शांतपणे ऐकायचं असेल त्यांनी माझ्या नवऱ्याला विचारावं. तो प्रत्येक गोष्ट शांतपणे सांगतो आणि अर्धीच सांगतो.

माझं पार्लर आहे. घराच्या पुढच्या खोलीत दोन खुर्च्या, भिंतभर आरसा आणि कोपऱ्यात वेगळ्या खुर्चीसकट केस धुवायचं बेसिन. बेसिनच्या काठाला मान टेकवायला खाच असते. गिऱ्हाईक मागे रेलतं, डोळे मिटतं आणि मी डोक्यामागे उभी राहून पाणी सोडते. डावा हात कपाळावर आडवा, बांध घातल्यासारखा. उजव्या हातात शॉवर. पाणी मागे जातं, पुढे येत नाही. इतक्या वर्षांत माझ्या हाताखाली कुणाचं काजळसुद्धा ओघळलेलं नाही. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. बरं, फुशारकी म्हणूनच सांगते.

सासूबाईंच्या उजव्या डोळ्यातल्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. सकाळी गेल्या आणि दुपारी डोळ्यावर पट्टी बांधून घरी आल्या. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली तेव्हा भिंतीवरच्या घड्याळातला सेकंदकाटा दिसतोय म्हणून हरखून गेल्या. मग आल्या-गेल्याला घरातली जळमटं दाखवायला लागल्या. जळमटं अर्थातच माझी.

त्यानंतर एक-दोन दिवसांनी सकाळीच कुरकुर सुरू झाली. चहा नको, बोलणं नको, पडदा ओढ, किती तो उजेड. आणि मग, डोकं खाजतंय, केस धुवून दे. डोक्यावरून अंघोळ करायची नाही असं दवाखान्यात बजावलं होतं, म्हणून मी त्यांना बेसिनवर नेलं. डोळ्यावर दवाखान्यातून दिलेली प्लास्टिकची जाळीची वाटी बसवली, वरून कोरडा टॉवेल ठेवला. गार पाण्याची त्यांना पहिल्यापासून दहशत, म्हणून कोमट पाणी मनगटावर घेऊन पाहिलं. मागे रेलवून केस धुतले. वाटी काढली तेव्हा तिच्या आतलं प्लास्टिक कोरडं होतं. मी बोट फिरवून पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी डोळा लालभडक. वरची पापणी सुजून खाली आलेली, आणि बुबुळाच्या आत, खालच्या बाजूला, पांढरा थर साचलेला. आम्ही सगळे दवाखान्यात धावलो. मी, नवरा आणि नणंद.

ऑपरेशन करणारा डॉक्टर मोठा गोड माणूस. आवाज असा की ऐकणाऱ्याला झोप यावी. त्यानं दिवा मारून डोळा बराच वेळ पाहिला. मग विचारलं, "आजी, कधीपासून दुखतंय?"

"कालपासून."

"काल डोक्यावरून पाणी घेतलंत का हो?"

सासूबाई गप्प. उत्तर नणंदेनं दिलं. "वहिनीनं केस धुतले ना काल!"

डॉक्टर माझ्याकडे वळला. ओरडला नाही, बोट दाखवलं नाही. फक्त म्हणाला, "अरेरे."

बस, एवढंच. पुढचं सगळं काम आमच्या घरानं केलं.

तिथून मोठ्या हॉस्पिटलात. डोळ्यात जंतू गेलेत म्हणाले. डोळ्यात इंजेक्शनं झाली, पू काढून झाला, आणि शेवटी डोळाच काढावा लागला. मी रोज डबा घेऊन जायची. सासूबाई डबा घ्यायच्या, पण चेहरा भिंतीकडे. केस विंचरायला मी कंगवा काढला तर म्हणाल्या, "तू नको. लेक येईल." लेक म्हणजे माझी नणंद. ती यायची, वेणी वेडीवाकडी घालायची आणि जाताना सगळ्या वॉर्डाला पाण्याची हकीकत ऐकवायची.

हकीकत पार्लरमध्ये माझ्याआधी पोहोचली. गिऱ्हाइकं बेसिनवर रेलताना म्हणायला लागली, "डोळ्यांवर जाड टॉवेल टाक हं." एकीनं तर पोहायचा चष्मा आणला. ती हसत होती, मीही हसले, आणि ती गेल्यावर तो टॉवेल इतक्या जोरात पिळला की शिवण उसवली. नवरा काही बोलायचा नाही. एकदाच बोलला, तेही माझ्याकडे पाठ करून. "तेवढा एक दिवस तू तिचं ऐकलं नसतंस तर." मला वाटलं, हा ओरडला असता तर बरं झालं असतं. मला भांडता आलं असतं.

आणि सासूबाई? त्यांनी मला एकदाही दोष दिला नाही. दोष दिला असता तर उत्तर देता आलं असतं. त्या नुसत्या माझ्या हातांकडे पाहायच्या.

कृत्रिम डोळा बसवणाऱ्याकडे त्यांना मीच घेऊन गेले. नणंदेला त्या दिवशी नेमकं काम निघालं. एक छोटी खोली, भिंतीला लागून बाक, काचेच्या कपाटात तयार डोळ्यांचे ट्रे. सगळे आपल्याकडे पाहताहेत आणि कुणाला काही दिसत नाही. बाकावर काळा चष्मा लावलेली एक सडपातळ बाई, एक म्हातारं जोडपं, आणि आपल्या वडिलांचा हात धरून बसलेला एक धिप्पाड माणूस.

काळ्या चष्म्याच्या बाईनं विचारलं, "हात धुवायची जागा कुठंय?"

सासूबाई ताठ झाल्या. "तुम्ही माझ्या आधी आत गेला होतात. ऑपरेशनच्या दिवशी. डोळ्यात औषध घालून आपल्याला मिटून बसवलं होतं, तेव्हा तुम्ही हेच विचारलं होतंत. ह्याच आवाजात."

मग बोलता बोलता ऑपरेशनचा दिवस निघाला. दवाखाना निघाला. म्हातारं जोडपं मान वर करून ऐकायला लागलं. धिप्पाड माणूस उठून आमच्यासमोर येऊन उभा राहिला. दवाखाना एक, सकाळ एक, खोली एक, आणि एकेक डोळा गेलेला. सगळ्यांचं ऑपरेशन करणारा डॉक्टरही एकच. तो गोड आवाजाचा.

"तुम्हाला काय विचारलं त्यानं?" मी म्हणाले.

धिप्पाड माणूस भाड्याची गाडी चालवायचा. वडिलांना त्यानंच घरी आणलं होतं. "मला म्हणाला, गाडीत हिसके बसले का? रस्ता आहे साहेब, हिसके बसणारच. तेव्हापासून बाबा माझ्या गाडीत बसत नाहीत."

म्हातारीच्या नवऱ्याचा डोळा गेला होता. "मला विचारलं, थेंब घालताना हात धुतले होते ना? धुतले होते हो. पण नीट धुतले का, ते आता आठवत नाही." तिनं हात पुढे केले. धुवून धुवून कातडी फाटली होती, सांध्यांवर रक्त सुकलेलं.

काळ्या चष्म्याची बाई निवृत्त शिक्षिका, एकटी राहणारी. "मला विचारलं, घरात जनावर आहे का? मांजर होतं. देऊन टाकलं. जाताना पिशवीतून ओरडत होतं." मग ती तोंड वाकडं करून हसली. "माझा गुन्हेगार मीच दूध पाजून सांभाळला होता."

मी तिथंच, त्या काचेच्या डोळ्यांसमोर, मोठ्यांदा शिवी दिली. इथं लिहिण्यासारखी नाही. त्या डॉक्टरनं कुणावर आरोप केलाच नव्हता. त्यानं प्रत्येक घराला एक प्रश्न दिला होता, आणि प्रत्येक घरानं आपला आपला गुन्हेगार पकडला होता. त्याच्या दारात कुणी कशाला जाईल? सगळे घरातच भांडत बसले.

परत येताना सासूबाईंना म्हटलं, "आई, आता तरी पटलं?"

"काय पटायचंय? तिचं मांजर असेल, तुझं पाणी असेल. एका दिवशी दोन्ही होऊ शकतं."

"चार घरांत?"

"डॉक्टर खोटं बोलेल का?" त्या म्हणाल्या. "तो स्वतःच्या तोंडानं म्हणाला तर मानेन."

ठीक आहे, मी मनाशी म्हटलं. स्वतःच्या तोंडानं. त्याच्याच.

आरोग्य खात्याकडे आम्ही सगळ्यांनी मिळून तक्रार केली. घरी निगा नीट राखली गेली नसावी, असं उत्तर आलं. मग संध्याकाळी सगळे माझ्या पार्लरमध्ये जमायला लागले. एकमेकांना आम्ही गुन्ह्यानं ओळखायचो. हिसका आला का? मांजर अजून यायचीय. थेंब, तुम्ही खुर्चीत बसा. मी पाणी. बाहेरच्या कुणी ऐकलं असतं तर वेड्यांचा बाजार वाटला असता.

हिसका म्हणाला, "मी जाऊन काचा फोडतो."

"मग पुढच्या चौकशीत तुझाच गुन्हा," मांजर म्हणाली. ती शाळेतल्यासारखीच बोलायची.

"त्याला आपली चूक हवीय ना?" मी म्हणाले. "देऊ या. जाऊन माफी मागू."

सगळे माझ्याकडे बघत राहिले. मग हिसक्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. आम्ही तालीमसुद्धा केली. थेंबबाईंना बोलता बोलता खरंच रडू यायला लागलं, कारण आपली चूक झाली असं त्यांना अजून अर्धंमुर्धं वाटतच होतं. "इथं नाही रडायचं," मी खेकसले. "तिथं, त्याच्या पुढ्यात." नंतर मला वाईट वाटलं आणि मी त्यांच्या हातांना मलम लावून दिलं.

घरी मी फक्त एवढंच सांगितलं, "उद्या डॉक्टरांची माफी मागायला चाललेय."

सासूबाईंनी मान वर केली. "माझी कधी मागितली नाहीस."

"तुमच्यासमोरच मागते. चला."

त्या आल्या. येणारच होत्या. ठेवणीतली साडी नेसून आल्या आणि नणंदेलाही बोलावून घेतलं. माझा पाणउतारा पाहायला आमच्या घरात सगळ्यांना सवड असते.

दवाखान्याचा हॉल गच्च भरला होता. ऑपरेशनची सकाळ. हिरव्या टोप्या घातलेली माणसं बाकांवर रांगेनं बसली होती. नर्स एकेकाच्या डोळ्यात औषध घालत चालली होती. "डोळे मिटा. सांगेपर्यंत उघडायचे नाहीत." सगळा हॉल डोळे मिटून, हनुवट्या वर करून बसलेला. मिटलेल्या डोळ्यांची माणसं किती नीट ऐकतात, ते मला बेसिनमुळे माहीत होतं. म्हणून तर ही वेळ निवडली होती.

डॉक्टर ऑपरेशनच्या खोलीतून बाहेर आला. मी पुढे झाले आणि हातातला पांढऱ्या फुलांचा गुच्छ त्याच्या हातात दिला.

"डॉक्टर, माझी चूक झाली."

तो हसला. त्यानं मला ओळखलंच नाही. याचा मला सगळ्यात जास्त राग आला. माझ्या आयुष्यात ज्यानं विष कालवलं, त्याला माझं तोंडसुद्धा आठवत नव्हतं.

"माझ्या सासूबाईंचं ऑपरेशन तुम्ही केलंत," मी मोठ्या आवाजात म्हणाले. "उजवा डोळा. सडला, काढून टाकला. मी केस धुतले म्हणून. मला क्षमा करा."

"अहो ताई, हे आपण आत—"

"डॉक्टर, माझी चूक झाली," हिसका म्हणाला. त्याचा आवाज हॉलच्या त्या टोकाला जाऊन परत आला. "त्याच सकाळी माझ्या वडिलांचं ऑपरेशन केलंत. डोळा गेला. माझ्या गाडीत हिसके बसले म्हणून. क्षमा करा."

"डॉक्टर, माझी चूक झाली." ही मांजर. "त्याच सकाळी, त्याच खोलीत माझं ऑपरेशन झालं. मी मांजर पाळलं होतं. आता मांजरही नाही आणि डोळाही नाही."

थेंबबाईंनी नुसते हात पुढे केले. मग एकदम म्हणाल्या, "ह्यांचंही त्याच सकाळी. मी हात धुतले होते हो. देवाशप्पथ धुतले होते."

बाकावरच्या एका मिटल्या डोळ्यांच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "सगळे एकाच सकाळचे?"

"एकाच."

"ह्याच खोलीतले?"

"ह्याच."

बाकांवर चुळबुळ सुरू झाली. नर्स म्हणाली, "डोळे मिटा, डोळे मिटा." पण तिचाच हात थांबला होता आणि औषधाची बाटली हवेत तशीच राहिली होती.

डॉक्टरच्या तोंडचं पाणी पळालं होतं. पण माणूस हुशार. त्यानं गुच्छ काखेत धरला, दोन्ही हात जोडले आणि तोच झोप आणणारा आवाज काढला. "अहो, असं स्वतःला का लावून घेताय? कोण म्हणालं तुमची चूक? तुमच्यापैकी कुणाचीच काही चूक नव्हती."

मी श्वास सोडला. हेच. अगदी हेच वाक्य. मी नणंदेकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती. मी पुढचं बोलणार होते, पाठ करून ठेवलं होतं, पण मला बोलायची वेळच आली नाही.

"मग कुणाची?"

सासूबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. ठेवणीतली साडी, काळा चष्मा. त्यांनी चष्मा काढला. कृत्रिम डोळा अजून तयार झाला नव्हता. त्यांनी तसंच त्याच्याकडे तोंड केलं.

"आजी, ऑपरेशन म्हटलं की थोडा धोका असतोच—"

"धोका असतो, तर मला धोका सांगायचा. हिला पाणी का विचारलंत?"

क्षणभर डॉक्टरची नजर मागे, ऑपरेशनच्या खोलीच्या दाराकडे गेली. सासूबाईंचा उरलेला डोळा चांगला तेज आहे. त्यांनीही त्या दाराकडे पाहिलं, आणि मग आमच्या सगळ्यांकडे.

तो म्हातारा उठला. त्यानं हिरवी टोपी काढून बाकावर ठेवली, लेकीचा खांदा चाचपडत धरला आणि म्हणाला, "मला घरी ने." त्याच्यामागून दुसरी उठली, मग तिसरा. औषधानं बाहुल्या मोठ्या झालेली, उजेडानं डोळे बारीक केलेली माणसं एकमेकांना धरून दाराबाहेर पडायला लागली. डॉक्टर "ऐका तर" म्हणत राहिला. गुच्छ काखेतून निसटून पडला आणि कुणाच्या तरी पायाखाली गेला. मला आनंद झाला. खूप झाला. मी तो लपवणार नाही.

पुढे ती खोली बंद झाली. तपासणीवाले आले. ऑपरेशन करताना डोळ्यात सोडतात त्या द्रवाच्या बाटल्यांत जंतू निघाले. एका बाटलीतलं उरलेलं दुसऱ्या माणसाला वापरायची तिथं रीत पडली होती. म्हणजे पाण्यासारख्याच कशानं तरी डोळे गेले होते. फक्त ते माझ्या नळाचं नव्हतं. हिसक्याचे वडील पुन्हा गाडीत बसायला लागले. मांजरीचं मांजर मात्र ज्यांना दिलं होतं ते परत देईनात. थेंबबाई अजून हात धुतातच.

नवऱ्यानं माझी माफी मागितली, शांतपणे आणि अर्धी. नणंदेनं ते जमवलंच नाही.

सासूबाई एका सकाळी पार्लरमध्ये आल्या. दोन्ही खुर्च्यांत गिऱ्हाइकं होती. सगळ्यांदेखत त्या बेसिनशी जाऊन बसल्या, मागे रेलल्या, मान खाचेत ठेवली.

"केस धू."

कोमट पाणी मनगटावर पाहिलं. डावा हात त्यांच्या कपाळावर आडवा ठेवला. किती दिवसांनी त्या डोक्याला हात लावत होते. केस विरळ झाले होते. पाणी मागे जायला लागलं. म्हटलं, जाऊ दे. संपलं.

तेव्हा त्या बोलल्या, माझ्यापुरतंच ऐकू येईल इतक्या हळू. "त्या दिवशी डोळा सकाळपासूनच ठणकत होता."

माझा हात थांबला.

"तू केस धुवायच्या आधीपासून. उजेड सोसत नव्हता."

पडदा ओढ, किती तो उजेड. मला आठवलं.

"मग बोलला का नाहीत?"

"आधी भीतीनं. पुन्हा कापतील म्हणून. मग दवाखान्यात वाटलं, आपण दुखणं लपवलं म्हणूनच डोळा गेला. माझाच दोष झाला असता. तेवढ्यात त्यानं पाण्याचं विचारलं."

"आणि मी होतेच."

"तू होतीसच," सासूबाई म्हणाल्या.

चार घरांचे चार गुन्हेगार मी शोधले होते. आमच्या घरात दोन होत्या, हे मला कळलंच नव्हतं. एक मुकाट्यानं माझ्या हातांकडे बघत बसली होती आणि मी ते हात त्यांच्यासाठी रोज डबा घेऊन नाचवत होते.

मी नळाची कळ पार गारच्या टोकाला फिरवली.

सासूबाईंचं अंग शहारलं. हात खुर्चीच्या दांड्यांवर आवळले गेले. पण मान खाचेतून हलली नाही. पाणी वाहत होतं, आणि माझा डावा हात जिथल्या तिथं होता. थेंबही पुढे आला नाही.

"अजून घाल," त्या म्हणाल्या.

मी घातलं.